बिडीचं पान आणि पतंगाचे दोन त्रिकोण

इकडे ये वो बाई, अशी जवळ बस. तू तिकडे नागपूरला आणि मी इकडे, हे मला समजतं. पण हा कागद वाचशील तेव्हा माझ्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखी वाच. आधी थोडं रागावून घेते, मग बोलते. तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणे पोरगी आठ दिवसांपासून भूमितीच्या वहीवर डोकं ठेवून रडून राहिली, आणि सुटीत आजीकडे येत नाही म्हणते, काऊन की आजी अभ्यासाचं विचारेल. विचारेन तर काय होईल? मी काय तुला खाऊन टाकणार आहो? चार महिने झाले तुझं तोंड पाहून. अन् वरून सांगते म्हणे, आपल्या घरात कोणालाच गणित येत नाही, मग मला कुठून येईल. हे तुला कोणी शिकवलं? तुझ्या आजीनं चाळिशीला टेकल्यावर दीड वर्ष भूमितीसोबत संसार केला, हे तुला कोणी सांगितलं नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. थकण्याचीच गोष्ट आहे. पण तूही थकलीच आहेस, तर ऐक.

दोन हजार साल लागायच्या आगेमागेची गोष्ट. मी आपल्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. मदतनीस म्हणजे सकाळी घरोघरी जाऊन लेकरं गोळा करायची, नाकं पुसायची, बोअरिंगचं पाणी आणायचं, चुलीवर खिचडी टाकायची, भांडी घासायची. शिकवायचं काम सेविकाबाईंचं. पण आमच्या बाईंचे गुडघे गेले होते आणि डोळेही. त्या खुर्चीवर बसून सांगायच्या. गाणी मी म्हणायची, लेकरांची वजनं मी करायची, रजिस्टर मी भरायची, सही तेवढी बाईंची. माणूस चांगलं होतं, तक्रार नाही. अकरा वर्षं असं चाललं.

मग एक दिवस आमच्या वरच्या पर्यवेक्षिका मॅडम आल्या आणि म्हणाल्या, बाई पुढच्या वर्षाअखेरीला निवृत्त होतील, त्यांची जागा खरं तर तुम्हालाच मिळायला पाहिजे, पण त्याला दहावी पास लागते. मी सातवीतून शाळा सोडलेली. दहावी नसली तर दुसरी कोणी शिकलेली येईल, वीस-बावीस वर्षांची, आणि मी तिच्या हाताखाली परत पाणी आणीन. मला खुर्चीची हौस होती असं नाही. ही लेकरं मी शिकवते हे एकदा कागदावर यावं, एवढंच वाटत होतं. आणि लपवून काय करू, बादल्या उचलून पाठ मोडली होती.

तुझे आजोबा तेव्हा गोंदियाला राइस मिलमध्ये होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. त्यांना विचारलं तर जेवता जेवता म्हणाले, करून पाय, नाही जमलं तर कोन मारते. त्यांचा आशीर्वाद हा असाच असायचा, चटणीभाकरीसारखा. मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून दहावी देणाऱ्यांचा तो फॉर्म. मराठी, इतिहास, भूगोल मी माझी वाचून काढणार होती. मला वाचायचा नाद पहिल्यापासून, पुडीचा कागदही मी वाचल्याशिवाय फेकत नसे. इंग्रजी कशी तरी ढकलली असती. बीजगणितातही हिशोबाच्या अंगानं थोडं शिरता येत होतं. पण भूमितीचं पुस्तक उघडलं आणि मी ते उलटं धरलं का सुलटं, हेही मला कळेना.

शेजारच्या गावातल्या हायस्कुलात भूमितीचे सर होते, त्यांना जाऊन भेटली. लग्न न झालेलं पोरगंच होतं ते, वर्ध्याकडचं, शर्टाच्या बाहीला नेहमी खडू लागलेला. त्यांनी हेडमास्तरांना विचारलं आणि मला सांगितलं, ताई, शेवटचा तास माझा असतो, मागच्या बाकावर येऊन बसत जा. अशी मी दहावीच्या वर्गात बसायला लागली.

आता माझा दिवस कसा होता ते पाय. सकाळी अंगणवाडी. दुपारी घरी येऊन दोन घास, की सासूजवळ बसून बिड्या वळायला हात लावायचा. तिचं पानांचं सूप तिच्या मांडीवर, माझं माझ्या. मग धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून, पाऊण तास चालत हायस्कूल. वर्गात पोचेपर्यंत पायांना चिखल, डोळ्यांत झोप. बाक पोरींच्या मापाचा; गुडघे वर फळीला टेकायचे. सर फळ्यावर एक ठिपका द्यायचे आणि म्हणायचे, बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. मी मनात म्हणायची, मग बाप्पा तू फळ्यावर लावलं काय. पण विचारायची हिंमत नव्हती. विचारायला अंगात ताकद लागते वो, ती माझ्यात चार वाजेपर्यंत उरतच नव्हती. सर बोलत राहायचे आणि त्यांचा आवाज मला लांबच्या रेडिओसारखा ऐकू यायचा. किती वेळा मान लवली आणि कपाळ बाकावर आपटलं, त्याचा हिशेब नाही. पोरी खुदुखुदु हसायच्या. त्यांचंही बरोबरच होतं.

तुझी आई त्याच शाळेत नववीत होती. दोन वर्गांच्या मधात नुसती लाकडी फळ्यांची भिंत. तिला सगळं ऐकू जायचं. एक दिवस वाटेत ती माझ्या वीस पावलं पुढे चालली होती. घराजवळ आल्यावर थांबली आणि म्हणाली, "माय, तू नोको येऊ ना आमच्या शाळेत. पोरी म्हनतात तुही माय नापास होऊन होऊन म्हातारी झाली."

दुसऱ्या दिवशी मी तरीही वर्गात गेली. येताना तिच्या पुढे वीस पावलं मी चालली, एवढाच फरक.

भूमितीचा एक कायदा मला फार जड गेला. चित्रात सारखं दिसतं म्हणून सारखं आहे असं लिहायचं नाही. आधी पक्ष लिहायचा, म्हणजे काय दिलेलं आहे. मग साध्य, म्हणजे काय दाखवायचं आहे. मग सिद्धता, तीत एकेका ओळीसमोर कारण. मी म्हणायची, अरे, डोळ्यांना दिसून राहिलं ना. तांदळात खडा आहे का नाही हे आपण कारण लिहून पाहतो का? पण सरांचं एकच म्हणणं, ताई, आकृती खोटं बोलू शकते. मी मग पाठ केलं. समजलं नाही ते सगळं पाठ केलं. बाबाबा, बाकोबा, कोबाको: दोन त्रिकोण एकरूप आहेत का ते ठरवायच्या कसोट्या. बाबाबा म्हणजे तिन्ही बाजू सारख्या. बिड्या वळता वळता मी ते पुटपुटायची आणि सासू म्हणायची, हे कोनत्या देवाचं नाव घेऊन राहिली तू.

मार्चमध्ये परीक्षा दिली. बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजीसुद्धा. गणितात गेली. बीजगणितानं थोडं तारलं होतं, भूमितीनं बुडवलं. चार मार्क कमी. निकालाचा कागद घेऊन मी शाळेतून निघाली आणि पहिल्यांदा त्या वाटेवर बसली. रडली नाही. नुसती बसली. वाटत होतं की उठूच नये, धान लावतील माझ्या भोवतीनं.

मॅडमना सांगावं लागलं. त्यांनी तोंड लहान केलं आणि म्हणाल्या, ऑक्टोबरात परत बसा. त्याचा निकाल बाईंच्या निवृत्तीच्या आधी येईल. तोवर मी वर बोलून जागा थांबवते, पण त्यापुढे माझ्या हातात नाही. म्हणजे एक डाव उरला होता.

मी परत सरांकडे गेली. ते पेपर तपासणारे नव्हते, पण त्यांनी प्रश्नपत्रिका काढली आणि म्हणाले, तुम्ही काय काय लिहिलं ते आठवून सांगा. मी सांगत गेली. एका प्रश्नात पतंगाची आकृती होती. वरच्या दोन बाजू सारख्या, खालच्या दोन सारख्या, मधोमध एक रेष, पतंगाच्या काडीसारखी. डाव्या हाताला एक त्रिकोण, उजव्या हाताला दुसरा. दोन्ही एकरूप आहेत हे दाखवायचं होतं. आणि त्याच्यावरच पुढचे दोन प्रश्न टेकलेले.

सर म्हणाले, हा तर सोपा होता, तिन्ही बाजू सारख्या, बाबाबा. तुम्हाला तर ती कसोटी तोंडपाठ आहे.

मी म्हटलं, "हो सर, तिन्ही बाजू सारख्या आहेत ते लिहिलं. पण एकरूप नाहीत असं लिहिलं मी. काऊन की एक उलटा पडते."

त्यांनी विचारलं, उलटा म्हणजे काय. मी म्हटलं, डावा त्रिकोण सरकवत सरकवत उजव्यावर नेला तर बसत नाही. पालथा करावा लागतो. आणि पालथा केला तर मग तो कुठं तो राहिला? सर म्हणाले, का नाही राहिला? आता हे त्यांना कसं समजवावं. मी म्हटलं, पानाचं तसंच असते ना. ते म्हणाले, कोणतं पान?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते सायकलनं आमच्या घरी आले. सासू ओसरीत सूप घेऊन बसली होती, बाजूला ओल्या पोत्यात तेंदूची पानं. मास्तर आले म्हणून तिनं पदर सावरला, पण हात थांबवला नाही; तिचा हात जेवतानाही आतून चालूच असायचा असं मला वाटे. सरांनी विचारलं, आजी, पान कसं कापता ते दाखवा. तिनं पत्र्याचा फर्मा पानावर ठेवला, कात्री फिरवली, एक तुकडा काढला. दुसऱ्या पानातून दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवले, बरोबर. मग सरांनी त्यातला एक पालथा केला, परत दुसऱ्यावर ठेवला. कडा जुळल्या. ते म्हणाले, हे पहा आजी, आता पण सारखेच आहेत.

सासूनं त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की जसं नव्या सुनेनं भाताला फोडणी दिली. "सारखे कायले राहतीन? शिरा बाहेर आल्या ना. अशी बिडी वळली तं चेकर छाटात टाकते, मजुरी देत नाही. तुमी शिकलेले आहा, तुमाले पानाची पाठ-पोट समजत नाही का?"

सर हसले नाहीत. मला त्या माणसाचं हे आवडलं. त्यांनी दोन्ही तुकडे हातात घेतले, उलटसुलट करून बराच वेळ पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही चुकलात ते झोपेमुळे नाही. तुम्ही लहानपणापासून पान पाहत आलात. पानाला एक बाजू आतली, एक बाहेरची. भूमितीतल्या त्रिकोणाला तसं नसतं. त्याला फक्त कडा आणि कोपरे. उलटा करा, सुलटा करा, तो तोच."

सासू म्हणाली, असं पान असते का कुठं. सर म्हणाले, नसते आजी, म्हणून तर शिकवावं लागते.

ते गेले. वाटेल तुला, मला आनंद झाला असेल. नाही झाला. मला थकवा आला, एकदम, दीड पायली भात कांडल्यासारखा. वर्षभर मी चित्र पाहत होती आणि सर वेगळंच काही पाहत होते, आणि दोघांना ते माहीत नव्हतं. किती तास मी त्या बाकावर गुडघे दुखवले. एकदा हात वर करून विचारलं असतं की सर, पालथं चालते का, तर मार्चमध्येच सुटली असती. पण ज्याला शंका आहे हेच माहीत नाही, तो विचारेल काय? मला तर पक्कं वाटत होतं की मी बरोबर आहो.

त्यानंतर रोवणा लागला, धानाची लावणी. पावसाळ्यात आपल्याकडे दुसरं काही सुचतच नाही. अंगणवाडी सुटली की मी बांधीतल्या चिखलात, कंबरेत वाकून, मागे मागे सरकत पऱ्ह्याची रोपं लावून राहिली. आणि तुझी आई, जी माझ्यासोबत वाटेनं चालत नव्हती, ती एक दिवस आपणहून धुऱ्यावर येऊन बसली, प्लास्टिकच्या घोंगडीखाली भूमितीचं पुस्तक धरून. तिला कोणी पाठवलं नव्हतं. सरांनी वर्गात पतंगाचा प्रश्न शिकवताना म्हणे सांगितलं होतं, की हा मी एका ताईंकडून नवीन शिकून आलो. नाव सांगितलं नाही, पण पोरींना कळायचं ते कळलं. ती एक प्रमेय वाचायची, पक्ष काय सांग. मी चिखलातून सांगायची. साध्य काय? सांगायची. मग कारण विचारायची, तिथं मी अडकायची, आणि ती मास्तरणीसारखी आवाज काढून म्हणायची, परत सांग.

माझ्या बाजूच्या पाथीत असलेल्या बाया आधी हसल्या. एक म्हणाली, हे तुहं त्रिकोन इथंच लावून टाक वो चिखलात, पाहू फुटवे येतात का. दुसरी म्हणाली, दहावी करून आमाले वळखशीन का मंग. पण आठ दिवसांत त्यांनाही पाठ झालं. समद्विभुज त्रिकोणाचे पायाजवळचे कोन सारखे असतात, हे आपल्या गावात पाच-सहा बाया अजूनही सांगतील, विचारून पाय. कारण मात्र एकही सांगणार नाही. कारणाशी मी एकटीच झगडत होती. संध्याकाळी कंबर सरळ करायला गेली की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि त्या अंधारीतही मला रेषा दिसायच्या.

ऑक्टोबरात केंद्र तिरोड्याला होतं. बाकावर बसली. डाव्या बाजूला एक पोरगी नखं खात होती, तिला मी म्हटलं, नको खाऊ बाई, पोटात जाते. पेपर आला. पतंग नव्हता. एक दुसरीच आकृती होती, दोन त्रिकोण एकमेकांत अडकलेले, एक बाजू दोघांना मिळून. त्यातही एक पालथा पडत होता. माझा हात आपोआप लिहायला निघाला की एकरूप नाहीत. हाताला जुनी सवय. मी लेखणी खाली ठेवली. मांडीवर सूप असल्यासारखी बसून राहिली थोडा वेळ. मग मनात म्हटलं, याला शिरा नाहीत. नुसत्या कडा पाय. आणि लिहिलं, एकेक ओळ, एकेक कारण. एके ठिकाणी कारण आठवलंच नाही, तिथं मोकळी जागा सोडली. खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

निकाल आला. पास. काठावर, एक मार्कही जास्तीचा नाही. तुझ्या आजोबांनी मिलमधून येताना बालूशाही आणली. सासूनं मार्कशीट हातात घेऊन उलटी केली, मागे काही लिहिलं आहे का पाहिलं, आणि परत दिली.

नव्या वर्षात मला सेविकेची ऑर्डर मिळाली. आता तुला वाटेल, आजीचे चांगले दिवस आले. मॅडमनी ऑर्डर देतानाच सांगितलं, तुमच्या जागी नवी मदतनीस यायला वेळ लागेल, तोवर दोन्ही कामं सांभाळून घ्या. त्याला सव्वा वर्ष लागलं. सकाळी मी लेकरं गोळा करायची, पाणी आणायची, खिचडी टाकायची, मग हात पुसून त्याच लेकरांसमोर उभी राहून गाणी म्हणायची, मग परत भांडी. आधीही हेच करत होती, तेव्हा दोघी होतो, आता एकटी. पाठ होती तशीच दुखत होती, थोडी जास्तच. फक्त रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात सही माझी होती. पहिल्या दिवशी सही केली तेव्हा हात ओला होता, शाई पसरली. दुसऱ्या दिवसापासून मी आधी हात कोरडे करून घ्यायची.

म्हणून सांगते, मला भूमिती कधी आवडली नाही, आणि ती तुला आवडावी असंही मी म्हणणार नाही. आता तर मला बरंच विसरायलाही झालं आहे. मेहनत केली की सगळं सोपं होतं असं कोणी सांगितलं तर त्याचंही ऐकू नको. मला एक दिवसही सोपं गेलं नाही. पण तू जे रडून राहिली ना, ते नुसतं रडून कळणार नाही. तू त्या आकृतीत काय पाहतेस ते कोणाला तरी मोठ्यानं सांग. चुकीचं असेल तेच आधी सांग. ते ऐकायला समोर माणूस लागतं, आणि ते फोनवर होत नाही. फोनवर तू नुसतं हो हो म्हणतेस.

मी आता घरीच असते. निवृत्त झाली, गुडघे आमच्या जुन्या बाईंसारखे झाले, नागपूरपर्यंत येणं माझ्यानं होत नाही. तुझी आई म्हणते सुटीत क्लास लावायचा आहे. लाव, पण आधी आठ दिवस इकडे ये. सकाळची गाडी धर, तिरोड्याला उतर, मी कोणाला तरी स्टेशनवर पाठवते. नवा तांदूळ आला आहे, वास घरभर आहे आणि खाणारी मी एकटी. लवकर ये वो बाई. पुस्तक आणलं तर बरं, नाही आणलं तरी ये.